गोठवलेल्या नसा

घाटंजीच्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, सत्यभामा कापसातला कचरा वेचायची. बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षी जिनिंग संक्रांतीलाच बंद पडली, तरी तिथल्या धुळीचा वाटलेला तिचा खोकला थांबला नाही. नागपूरच्या दवाखान्यात उजव्या फुप्फुसात गाठ निघाली. ऑपरेशन करावं लागणार होतं.

तिला गाठीपेक्षा जास्त धाक होता पुढच्या दुखण्याचा. थोरला भाऊ उकंडा याचं असंच ऑपरेशन बारा वर्षांपूर्वी झालं होतं. जखम केव्हाच भरली, पण छातीची ती बाजू अजून जळायची. सदरा घासला तरी तो दात आवळायचा.

"माह्यं बी असंच होईन काय?" तिनं डॉक्टर अनघाबाईंना विचारलं. उकंडा शेजारी मान खाली घालून बसला होता.

"बरगड्यांखालून नसा जातात," डॉक्टर म्हणाल्या. "त्या दुखावल्या तर काहींना वर्षानुवर्षं त्रास होतो. ऑपरेशन करतानाच आम्ही त्या नसा अतिथंड सळईनं गोठवू शकतो. काही महिने तिथं बधिर राहील, दुखणं कळणार नाही, मग नस हळूहळू पुन्हा वाढते. पण हमी देत नाही."

"अन् नाही वाढली त?"

"मग तेवढी जागा बधिरच राहील."

सत्यभामानं भावाकडं पाहिलं.

"मले नसा गोठवाचं कोनी इचारलंच नव्हतं," उकंडा म्हणाला. "इचारलं असतं त मी हो म्हटलं असतं."

तिनं संमतीच्या कागदावर सही केली.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ती न दुखता खोकू शकली. पण छातीखालचा पट्टा जणू तिचा नव्हताच. घरी गरम पाण्याची पिशवी लावली, तर फोड आला. तिला कळलंही नाही. वहिनी नंदाबाईंनी पाहिला, म्हणून समजलं. तेव्हापासून ती चुलीजवळ बसायलाही भ्यायची.

चौथ्या महिन्यात त्या जागी मुंग्या यायला लागल्या. दादाचं दुखणं आलं, असं समजून तिनं आठ दिवस कुणाला सांगितलं नाही. शेवटी उकंडानंच ओळखलं.

"जळून राह्यलं काय?"

"नाही दादा. मुंग्या येतात."

"मले मुंग्या नाही आल्या. पह्यल्या दिवसापासून जळतच होतं."

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, नस जागी होतेय. दुखायला लागलं तर लगेच या. पुढचे दीड महिने तिनं रोज त्या दुखण्याचीच धास्तीनं वाट पाहिली. मग मुंग्या थांबल्या, स्पर्श कळायला लागला. दोन बोटांएवढी जागा मात्र बधिरच राहिली.

दिवाळीनंतर ती जिनिंगवर परतली. अजूनही बरगडीत बारीक कळ आली की तिचे हात थांबतात. कळ जाईपर्यंत ती श्वास धरून बसते. आजवर प्रत्येक कळ गेली आहे.