हिरीवरच्या काकी

"आदी तू पी. मग भर तुजी बाटली."

उचगावच्या शिवारातल्या त्या काकी मला विहिरीजवळ जाऊ देण्याआधी तांब्या पुढं करायच्या. मी प्यायची. त्या माझ्या तोंडाकडं टक लावून बघायच्या. "काय झालं? पडलीस व्हय मरून?"

माझी आई दुसऱ्याच्या उसात युरिया विस्कटायची. संध्याकाळी भाकरीचं पीठ मळताना हाताच्या भेगांना मीठ लागलं की कळवळायची. त्या घरातली पहिली पदवीधर मी. विहिरी-ओढ्यांत खतातलं नायट्रेट किती उतरलंय, ते तपासणं माझं काम. काकींच्या लेखी मात्र मी हेर.

"कुणी धाडलंय तुला? हीर बंद कराय आलीयास न्हवं? आमच्या मालकांनी सोता खांदलीया ही."

माझाही त्यांच्यावर भरवसा नव्हता. एकदा त्यांनी बाटली स्वतःच भरून दिली. नमुना इतका स्वच्छ निघाला, की नळाचं पाणी आहे हे मी ओळखलं. विचारलं तर म्हणाल्या, "हीर हाय ती. रोज सारकीच आसंल व्हय?"

मग त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला आली. दूध उतरेना, म्हणून तान्ह्याला पावडरीचं दूध सुरू झालं. त्याच आठवड्यात मी स्वतः उपसलेला नमुना वाईट निघाला. तशीच धावत गेले.

"काकी, बाळाला हे पाणी देऊ नका. बाळ निळं पडतं यानं."

"मला शिकीवतीस? पार निम्मं हुईस्तवर उकळती मी."

चुलीवर पातेलं रटरटत होतं. उकळून जंतू मरतात. नायट्रेट तसंच राहतं, उलट दाट होतं.

"काकी, गुऱ्हाळात काहिलीतला रस आटवला, की गोडी उडून जाते का?"

काकींनी पातेल्याकडं बघितलं, मग डोळे बारीक करून माझ्याकडं. "खोटं निगालं तर दारात हुबी करायची न्हाय तुला." आणि पातेलं परड्यात ओतलं.

दुसऱ्या दिवसापासून बाळासाठी गावातल्या नळाचं पाणी यायला लागलं. शेजारणींना काकींनी सांगितलं, "हिरीची मोटर जळालीया." मागं मोटर सुरूच होती.

आता काकी नाहीत. विहिरीचं पाणी फक्त उसाला जातं.

ते बाळ निळं पडलं नाही. चांगलं गुटगुटीत होऊन आईबरोबर तिच्या सासरी गेलं.