साडूचे रबरी मोजे

आमच्या साडूइतका हट्टी माणूस अख्ख्या अंधेरीत दुसरा नाही, आणि हे मी सांगतोय, ज्याच्यापुढे मास्तरांनी चौथीतच हात टेकले. साकीनाक्याला नळांवर चकाकी चढवायच्या कारखान्यात साडूने जन्म काढला. मी शेजारच्या गाळ्यात पॉलिशला. त्याचं काम क्रोमच्या टाकीत माल बुडवायचं. ते तांबडं पाणी कातडीला लागत राहिलं की आधी खाज, मग खड्डा, आणि खड्डा लवकर भरत नाही. तिथली रीतच अशी, की ज्याच्या हाताला पहिला खड्डा पडला तो पक्का कारागीर, त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. साडूनेही पाजला होता. पण पुढे त्याचे खड्डे भरेनात, तसं त्याचं डोकं फिरलं, आणि दुसऱ्याच्या खड्ड्याचा चहाच तो प्यायचा बंद झाला. म्हणायचा, "मयताचा चहा मी पीत नाय."

मग हातमोज्यांचं वेड. रोज सकाळी चाळीच्या नळावर रबरी मोजे पाण्याने भरायचा आणि एकेक बोट पिळून भोक शोधायचा. मेहुणी ओरडायची, "अहो, म्हैस पाळलीत तर दूध तरी आणा घरात!" हा पुढचं बोट पिळायला घ्यायचा.

एक दिवस कारखान्यातले सगळेच मोजे गळके निघाले. साडूने हाताची घडी घातली. शेठ म्हणाला, "काम नाय करायचं तर घरी बस." त्या वयात त्याला दुसरं कोण ठेवणार होतं? तरी पठ्ठ्याने पाण्याने भरलेला मोजा शेठच्या हातात दिला आणि खालून दाबला. शेठची पँट भिजली. "साधं पाणी आहे म्हणून वाचलात शेठ. आमच्या मोज्यात क्रोम उतरतं."

शेठने त्याला फाटकाबाहेर काढलं. मी पॉलिश टाकून त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "साडू, वाट लागली रे तुझी." तेवढ्यात आतून एकेक जण बाहेर यायला लागला, तेच सगळे, खड्ड्याचा चहा पिणारे. टाकी बंद पडली. संध्याकाळच्या आत नवे मोजे आले, कोपरापर्यंतचे. साडू ते घालून असा आत गेला, जसा नवरदेव मांडवात.

आता तो घरीच असतो. त्याच्यासाठी ते मोजे उशिराच आले. बोटं अजून फुटतात, तिखट झोंबतं, म्हणून आमच्याकडे जेवताना चमचा मागतो. दिवाळीला कारखान्यातले नवे कामगार पाया पडायला येतात. हा आशीर्वाद आधी देत नाही. "हात दाखव," म्हणतो, उलटेपालटे करून बघतो. कातडी साफ दिसली की तो हात जरा वेळ तसाच धरून ठेवतो.