अष्टमकरांच्या घरातला विसर

रोह्यात आपोआप लागणारे फोन आले नव्हते, तेव्हा रिसीव्हर उचलला की आधी लीयाबाईंचा आवाज यायचा. “बोला, कुठं लावू?” एवढंच. पण माणसाला वाटावं, घरच्याच कुणीतरी ओ दिली. धाटावच्या कंपनीला मुंबई लावून द्यायची असो की पेणच्या मूर्तीच्या कारखान्याला पुणं, सगळं त्यांच्या कानावरून जायचं आणि तिथंच थांबायचं. कितीतरी लोक नंबर सांगतच नसत. “लीयाबाय, आमच्या मेव्हण्याला लावा जरा,” म्हणत, आणि त्या लावून देत.

लीया अष्टमकर रोह्याच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांपैकी. गाव त्यांना शनिवारतेली म्हणे, कारण पूर्वी त्यांचा धंदा तेल गाळायचा आणि शनिवारी त्यांचे घाणे बंद. एके काळी त्यांच्या आळीत शुक्रवारची संध्याकाळ झाली की दारादारांतून दिवे दिसत आणि नारळाच्या रसात शिजणाऱ्या माशांचा वास नदीपर्यंत जाई. मग एकेक घर इस्राएलला गेलं. सत्त्याण्णव सालापर्यंत उरली चार घरं. मशिदीत (आपल्या प्रार्थनास्थळाला, सिनेगॉगला, ते लोक मशीदच म्हणत) प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते जमवायला पेण-अलिबागकडे निरोप धाडावे लागत.

लीयाबाई मागं का राहिल्या, हे कुणी विचारत नसे. बापासाठी राहिली, असं गावानं ठरवून टाकलं होतं. ते खरं होतं, पण अर्धंच.

बाप म्हणजे बन्यामीन मेस्त्री. सुतारकामात त्यांचा हात असा, की रोह्यातल्या जुन्या घरांच्या दारांना अजून फट पडलेली नाही. पंचेचाळीस-सेहेचाळिसाव्या वर्षी ते मापं विसरायला लागले. एकदा एका घराची चौकट उलटी बसवली आणि स्वतःच हसत सुटले. गिऱ्हाईकही हसलं. पुढं कुंडलिका नदीवरचा, अष्टमी गावाकडचा पूल ओलांडून पलीकडे गेले की परत यायची वाट सापडेना. लोक एकमेकांकडे बघून मान हलवू लागले. “बापावर गेलाय,” म्हणू लागले.

कारण बन्यामीनचे वडील, एलियाहआजोबा, असेच ऐन पन्नाशीच्या आत एका शनिवारी दुपारी घरातून उठून गेले ते परत आलेच नव्हते. त्याआधी दोन-तीन वर्षं ते रस्त्यात झोकांड्या खात, भलत्याच घरात शिरून जेवायला मागत. गावानं एका शब्दात निकाल लावला होता: दारू. आजी ‘दारुड्याची बायको’ म्हणून जगली आणि तशीच गेली. बन्यामीन मेस्त्री तर शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवशी, मनुकांचं सरबत घेत; दारू त्यांनी आयुष्यात तोंडाला लावली नव्हती. तरी तोच डाग त्यांच्याही कपाळी आला.

लीया तेव्हा तेवीस वर्षांची होती, नुकतीच एक्स्चेंजात लागलेली. लग्न ठरलं होतं. मुलगा पेणचा, निसीम. धरमतरच्या धक्क्यावर बार्ज बोटींमधला माल उतरवून घ्यायचं काम करी. रविवारी एसटीनं रोह्याला येई, हातात आईनं दिलेले पोह्याचे पापड. दोघं कुंडलिकेच्या काठानं फिरत, मागं चार पावलांवर लीयाचा धाकटा भाऊ, आजोबांच्याच नावाचा एलियाह, राखणीला पाठवलेला. त्याला निसीम वाटेतच चहाला पैसे देऊन टपरीवर पिटाळी. निसीमच्या कपड्यांना खाडीचा वास असे. लीयाबाईंना पुढं कितीतरी वर्षं धरमतरच्या पुलावरून एसटी गेली की डोळे मिटावेसे वाटत.

त्याच साली एका सकाळी बापानं चहाचा कप घेता घेता तिच्याकडे पाहिलं आणि अगदी अदबीनं विचारलं, “तू कोणाची गो?”

चुलीपाशी बसलेली आजी हे ऐकून पांढरी पडली. आजोबांनीही आपल्या लेकीला, लीयाच्या आत्याला, हेच विचारलं होतं, याच शब्दांत. ती लेकही पुढं सगळं विसरत विसरत पन्नाशीच्या आतच गेली. लीयाच्या मनात त्या दिवशी काहीतरी जुळलं. त्याला नाव नव्हतं, पण ते दारूचं नव्हतं, एवढं तिला कळलं. पुढच्या रविवारी तिनं एलियाहला घरीच ठेवलं आणि निसीमला नदीवर सांगितलं, “आमच्या घरात काहीतरी उतरतं. बापाकडून पोरांत. तुझ्या पोरांत नको.”

निसीम म्हणाला, थांबू या, घाई काय आहे. तो वर्षभर थांबला. मग त्याच्या घरच्यांबरोबर इस्राएलला गेला. एलियाहही गेला, वीस-एकवीस वर्षांचा. लीया राहिली. बापाला तिनं आणि आईनं आणखी सहा वर्षं सांभाळलं. शेजारच्या धोंडुबाईचं घर नसतं तर ते निभलं नसतं. मेस्त्री वाट चुकून बाहेर पडले की धोंडुबाई हाताला धरून आणी आणि म्हणे, “मेस्त्री, आमची खिडकी लावता काय? चला.” खिडकी धड असे. मेस्त्री ती चाचपून बघत आणि घरी येत.

बाप गेला, काही वर्षांनी आई गेली. लीयाबाई वाट बघत राहिल्या, आपली पाळी कधी येते याची. रोज सकाळी दात घासताना गावातले फोन नंबर ओळीनं म्हणून बघायच्या. एखादा अडला की दिवसभर पुन्हापुन्हा पहिल्यापासून म्हणायच्या. एक्स्चेंज स्वयंचलित झालं, काम गेलं टेबलावरच्या कागदांकडे, तरी नंबर म्हणणं सुटलं नाही. सेहेचाळीस सरलं, पन्नाशी सरली. भीती मात्र तिथंच बसलेली.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर एका दुपारी दारात पाठीवर मोठी पिशवी घेतलेली एक तरुण मुलगी उभी राहिली. कुरळे केस, उन्हानं लाल झालेलं नाक. म्हणाली, “आत्या, मी शीरा. एलियाहची पोर. वलाखलंस काय गो?”

 मुलीचा चेहरा फोटोत पाहिलेल्या वहिनीसारखा परदेशी, आणि बोली तीस वर्षांपूर्वीच्या रोह्याची. आता आळीतली पोरंसुद्धा असं बोलत नव्हती. ही बोली तिच्या तोंडी कुठून आली, हे रात्री जेवताना कळलं. एलियाहला विसर लागून चार वर्षं झाली होती. आधी हिशेब गेला, मग रस्ते, मग हिब्रू भाषा हळूहळू पुसत गेली. बायको मोरोक्कोकडची, तिला मराठी येत नव्हतं. आता तो फक्त मराठीच बोलायचा, तेही लहानपणाचं, आणि घरात ते कुणालाच कळेना. शीराला लहानपणी थोडं शिकवलेलं होतं. ती बापापाशी बसून पुन्हा शिकली. त्याच्या तोंडची सगळी बोली उचलली, आणि तीच घेऊन इथवर आली.

तिथल्या डॉक्टरांनी एलियाहचं रक्त तपासलं होतं. माणसाच्या शरीरात आईबापाकडून आलेली जी जनुकं असतात, त्यातल्या एकात बिघाड सापडला होता. ते जनुक शास्त्रज्ञांना दोनच वर्षांपूर्वी गवसलेलं. जगातल्या निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या जातिधर्मांच्या मोजक्या घराण्यांत असा विसराचा आजार म्हातारपणाआधीच येतो, आणि बाप-लेक-नातू असा उतरतो. हा बिघाडच कारण आहे हे पक्कं करायला डॉक्टरांना आजारी माणसाइतकंच धडधाकट भावंडाचंही रक्त हवं होतं. आणि मागच्या पिढ्यांत कुणाला काय झालं, हेही.

तिथल्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून आठवड्यानं मुंबईहून डॉक्टर मृणाली आल्या, बरोबर रक्त न्यायला बर्फाची पेटी. तिशीच्या असतील, बोलायला मऊ. त्यांनी रक्त घ्यायच्या आधी दोन तास नुसतं ऐकलं. लीयाबाईंनी बापाचं सांगितलं, उलटी चौकट, पूल, खिडकी. मग जराशा अडखळत आजोबांचं. गाव त्यांना दारुडा म्हणे, हेही सांगितलं.

मृणालींनी लिहिणं थांबवलं. “बाई, ते दारू प्यायचे असं कुणी पाहिलं होतं का?”

लीयाबाईंनी एकेक नाव आठवून पाहिलं. कुणीच पाहिलं नव्हतं.

“मला नाही वाटत ते प्यायचे,” मृणाली म्हणाल्या. “त्यांचं रक्त आता तपासता येत नाही, म्हणून शपथेवर नाही सांगता येणार. पण वय, चालणं, घरं चुकणं, सगळं तुमच्या भावासारखं आहे. आजारी होते ते.”

लीयाबाई उठून परसात गेल्या. बऱ्याच वेळानं आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं. म्हणाल्या, “माझी आजी हयात असायला हवी होती.” आणि दंड पुढं केला.

रक्त दिल्यावर मृणालींनी विचारलं, स्वतःचा निकाल कळून घ्यायचाय का? प्रत्येक मुलाला बिघाड येण्याची शक्यता निम्मी, नाणं उडवावं तशी. औषध अजून नाही. कित्येक लोक नको म्हणतात, आणि त्यात काही चूक नाही. लीयाबाई म्हणाल्या, सांगा. तीस वर्षं झाली, आता कळलेलं बरं.

निकाल उन्हाळ्यात आला. मृणाली फोनवर काही बोलल्या नाहीत, स्वतः रोह्याला आल्या. लीयाबाईंच्या रक्तात तो बिघाड नव्हता. कधीच नव्हता.

धोंडुबाईनं देवापुढं साखर ठेवली. लीयाबाई खुर्चीत बसून होत्या. आनंद झाला, यात खोटं नाही. पण त्याच्या पाठोपाठ कुंडलिकेचा काठ आला, पोह्याचे पापड आले, आणि न झालेली पोरं आली, ज्यांना त्यांनी ज्या गोष्टीपासून वाचवलं, ती गोष्ट त्यांच्यापाशी नव्हतीच. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

शीरानं आपली तपासणी केली नव्हती. तिचं लग्न ठरलेलं. परत जाताना मुंबईच्या विमानतळावर तिनं आत्याला विचारलं होतं, मी काय करू? लीयाबाईंनी तेव्हा तिच्या पाठीवर पिशवी चढवून दिली. आता निकाल आल्यावर त्यांनी फोन लावला. म्हणाल्या, “कळून घे वा नको घेऊस, ते तुझं तू बघ. पण ज्याच्याशी लगीन करतेस त्याला सगळं सांग, आणि त्यो काय म्हणतो ते ऐक. मी ऐकलं नाय.”

मग त्यांनी आजोबांच्या नावानं मलिदा केला, म्हणजे प्रार्थनेचं ताट मांडलं. ताटात गोड पोहे, नारळ, फळं, गुलाबाची पाकळी. रोह्यातली चार घरं आली, पेणहून काही माणसं आली, आणि शेजारपाजारही दारात उभा राहिला. लीयाबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, माझे आजोबा पीत नव्हते, त्यांना आजार होता. म्हातारा मोरू कोळी, ज्याच्या बापानं ती दारूची गोष्ट गावभर केली होती म्हणत, तो उठला आणि टोपी काढून ताटापुढं वाकला. 

त्यानंतर त्यांनी पासपोर्ट काढला. नोकरीवरून लवकर निवृत्ती घेतली आणि चौपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसल्या. एलियाहनं बहिणीला ओळखलं नाही. तो तिला “आये” म्हणू लागला. त्यांनी दुरुस्त केलं नाही. सकाळी त्याला न्हाऊ घालायचं, मग गॅलरीत बसून बोलायचं. तो विचारी, भरती आली काय? त्या म्हणत, व्हय, आली. घरातली माणसं दारात उभी राहून ऐकत. त्यांना शब्द कळत नसत, पण तो शांत असे, एवढं दिसे. आठ महिने असे गेले. हिवाळ्यात तो झोपेतच गेला.

सुतकाच्या सात दिवसांत तिकडे गावोगाव राहणारे रोहा-पेणकडचे लोक येत होते. त्यात काठी टेकत निसीम आला, बायको आणि नातवासह. लीयाबाईंनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, “मला नव्हतंच ते, निसीम.”

त्यानं काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाला, “धरमतरला बार्ज येतात काय अजून?”

“येतात,” त्या म्हणाल्या. “मोठाले येतात आता.”

सगळ्यांनी राहायचा आग्रह केला, शीरानं सर्वांत जास्त. लीयाबाई दोन हजार सालच्या जानेवारीत परत आल्या. धोंडुबाईच्या परसात पोपटी लावलेली होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, वरून पेटलेला पेंढा. आळी भोवती जमलेली. कुणी विचारलं, तिकडं कसं होतं? लीयाबाईंनी शेंग सोलली, फुंकर घातली आणि सांगायला सुरुवात केली, एलियाह लहानपणी पोपटीतल्या शेंगा कशा चोरून खायचा, इथपासून.