पायरीवरचा कोरडा चौकोन

पोर्तुगालमधल्या या गावात आमचं आणि शेजारच्या अमेलियाबाईंचं दार एकाच दगडी पायरीवर उघडतं. मी रोज सकाळी तिथे तांदळाच्या पिठाची चार रेघांची रांगोळी काढायचे, आणि बाजारातून परत येईपर्यंत ती धुतलेली असायची. इथल्या बायका रोज पायरी साबणाने घासतात, हे ठाऊक होतं. तरी वाटायचं, आपलं इथे काही टिकायचं नाही.

काल बाई बादली घेऊन बाहेर आल्या, तेव्हा मी वाकून रेघ ओढत होते.

"हे पीठ तू सांडतेस होय?"

"सांडत नाही, काढते," मी मोडक्या पोर्तुगीजमध्ये म्हटलं. "दारी येणाऱ्यासाठी."

"आणि मी मेली रोज पुसतेय!" त्यांनी कपाळाला हात लावला.

आज दार उघडलं, तर पायरी ओलीचिंब, साबणाच्या वासाची. मधोमध मात्र वीतभर कोरडा चौकोन, आणि त्यात माझी कालची रांगोळी. आपल्या म्हाताऱ्या, दुखऱ्या गुडघ्यांवर बसून बाईंनी तिच्याभोवतीनं पायरी घासली होती. परक्या गावात जागा मिळते ती बहुधा अशीच, कुणीतरी आपल्याला वळसा घालतं तेव्हा.

शिळी रांगोळी मी कधी ठेवत नाही. आज पुसायला हात पुढे होईना.