धुरावरच्या ढाली

काळूराम हवालदार माणूस ओळखायचे ते त्याच्या हेल्मेटच्या वासावरून. बंदोबस्त आटोपला की आम्ही स्टोअरच्या खिडकीशी सामान जमा करायला रांग लावायचो, आणि हे गृहस्थ प्रत्येक हेल्मेट उलटं करून त्यात नाक खुपसायचे. शहापूरला मी नवी शिपाई म्हणून रुजू झाले तेव्हा माझंही त्यांनी असंच हुंगलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर न बघताच म्हणाले, "खोबरेल चोपडून आलीस का गो? तेलानं आतलं अस्तर कुजतं." मी मुरबाडची, तोंडाने फटकळ. म्हटलं, "मामा, डोकं माझं आहे." तर म्हणाले, "डोकं तुझं, पन हेल्मेट तुझ्यामागून घालील त्याचं."

ठाण्यामागची एक ओल धरणारी खोली म्हणजे आमचं स्टोअर. चाळीस वेताच्या ढाली, तेवढीच हेल्मेटं, काठ्या, पट्टे, रेनकोट. नव्वदीच्या त्या वर्षांत नवीन सामान मागितलं की कागद वर जायचा आणि वरच राहायचा. त्यामुळे मामांनी आहे ते जगवायचा चंग बांधला होता. भिजलेले बूट कुणी उन्हात वाळत घातले तर ते अंगावर यायचे. कातडं तडकतं, सावलीत ठेवा, म्हणायचे, आणि सापगावच्या आपल्या घरून भाताचं तूस आणून, फडक्यात बांधून त्या बुटांत कोंबायचे. सकाळपर्यंत तूस सगळी ओल पिऊन टाकायचं. रेनकोटची घडी घातली की रबर चिकटतं, म्हणून त्यांना पावडर फासून खुंटीला टांगायचे. ती पावडर नातवाची असायची. भर पावसात आमची तुकडी तान्ह्या बाळासारखी घमघमायची आणि लोक वळून बघायचे.

चिडले की आवाज चढत नसे, फक्त बोलणं तिरकं व्हायचं. हेल्मेट पट्ट्याला धरून लोंबकळवत आणणाऱ्या शिपायाला विचारायचे, "पोराला कानाला धरून उचलतोस का रे?" आम्ही हसायचो. मी तर त्यांची नक्कल करायचे, नाक खुपसण्यासकट. त्यांनी एकदा ती पाहिली आणि मला स्टोअरची मदतनीस करून घेतलं. नक्कल जमते म्हणजे तू नीट बघतेस, म्हणाले.

मामांना एकाच गोष्टीचा अभिमान होता. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्या सेवापुस्तकात एक वाकडी ओळ नव्हती. निवृत्तीला दीडेक वर्ष उरलं होतं. ते पुस्तक कोरं घेऊन घरी जायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. आणि ते कोरं राहिलं नाही ते माझ्यामुळे.

त्या वर्षी पावसाळा सरला आणि वरच्या साहेबांची तपासणी अचानक लागली. मामा बंदोबस्ताला मुरबाडला गेलेले. मला मदतनीस होऊन जेमतेम महिना झालेला, आणि मोजदाद माझ्याकडे आली. ढाली भरल्या अठ्ठावीस. दोनदा मोजल्या, बारा कमीच. आमच्या ठाण्याचे साहेब हळूच म्हणाले, हवालदार संध्याकाळी येतोय, त्याला विचारू आणि मग लिहू. पण मला कोण घाई! वरच्या साहेबांपुढे हुशारी दाखवायची ती हीच वेळ, असं वाटून मी तिथल्या तिथे "बारा ढाली कमी" असं लिहून खाली झोकात सही ठोकली.

संध्याकाळी मामा आले आणि काही न लपवता दोन्ही साहेबांना सापगावला घरी घेऊन गेले. जीपमध्ये मागे मीही होते. स्वयंपाकघरात चुलीच्या वर, जिथे आमच्याकडे बियाण्याची कणसं आणि नव्या टोपल्या धुरावर टांगतात, तिथे बारा सरकारी ढाली ओळीने टांगल्या होत्या, धुराने काळ्या पडलेल्या. खाली हिरामावशी, मामांची बायको, भाकऱ्या थापत होत्या. एवढे साहेब बघून त्या बिचाऱ्या चहाला आधण ठेवायला लागल्या.

पावसाळ्यात वेताला भुंगा लागतो, आतून पीठ होतं आणि वरून कळत नाही, असं मामांनी सांगितलं. म्हणून दरवर्षी पाऊस सरला की ते बारा-बारा ढाली घरी आणून पंधरा दिवस धूर द्यायचे, वर करंजाचं तेल चोळायचे. परवानगी? ती एका जुन्या साहेबांची होती, तोंडी. ते साहेब बदलून गेले त्याला किती वर्षं झाली कोण जाणे. कागद नव्हता. वरच्या साहेबांचंही काही चुकलं नाही, नियम तो नियम. सेवापुस्तकात ठपका आला: सरकारी मालमत्ता परवानगीविना घरी नेली. सापगावात त्याचं झालं, हवालदाराच्या घरात सरकारी माल सापडला. मामा पारावर बसायचे बंद झाले.

स्टोअरची चावी माझ्याकडे द्यायचा हुकूम निघाला. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी रडतच म्हटलं, मामा, मी संध्याकाळपर्यंत थांबायला हवं होतं. ते चावीला तेलाचं बोट लावत होते.

"थांबायला पायजे होतं, ते खरं," ते म्हणाले. "पन मोजलंस ते बरोबर मोजलंस. माझी भीड धरून चाळीस लिहिल्या असत्यास ना, तर ही चावी मी तुझ्या हातात दिली नसती. साहेबाला सांगितलं असतं, दुसरा माणूस बघा."

ते निवृत्त झाले. पुढच्या पावसाळ्यानंतर ढालींना धूर मिळाला नाही. दिवाळीत मी खोली झाडली तर ढालींखाली पिवळसर पीठ पडलेलं. मला कळत होतं, तरी परवानगी मागायचा धीर झाला नाही. मग एका मोर्चात दगड आला, एका शिपायाची ढाल पापडासारखी मोडली आणि त्याचं मनगट मोडलं. त्या दिवशी मी स्वतःला काय काय शिव्या घातल्या ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी नव्या साहेबांपुढे अर्ज ठेवला. ढाली धुरावर टांगायला सापगावला नेण्याची परवानगी मिळावी. त्यात एक ओळ मुद्दाम घातली: "ही पद्धत हवालदार काळूराम यांनी घालून दिलेली असून त्यांच्या काळात एकही ढाल निकामी झालेली नाही." साहेबांनी तो दोनदा वाचला, मनगटाला प्लास्टर घातलेल्या शिपायाकडे पाहिलं आणि "मंजूर" लिहून सही केली.

ढाली जीपमध्ये घालून मी सापगाव गाठलं. मामा खोकल्याने खाटेला लागले होते. मी अर्ज वाचून दाखवला. त्यांनी ती एक ओळ परत वाचायला लावली. मग आणखी एकदा. "हे कागदावर हाय?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. अर्ज ठाण्यात परत न्यायचा होता, म्हणून त्यांच्या नातवाच्या वहीचं पान फाडून मी सगळा मजकूर उतरून दिला. त्यांनी तो घडी करून उशीखाली ठेवला आणि खाटेवरूनच कोणती ढाल कुठे टांगायची ते सांगत राहिले.

मामा गेले त्यानंतर काही वर्षांनी. हिरामावशींच्या पेन्शनसाठी मामांनी घरी जपलेली कागदांची फाईल घेऊन मी कचेरीत गेले. कारकून पानं उलटत होता. ठपक्याच्या हुकमावर वहीचं एक पिवळं पडलेलं पान टाचणीने लावलेलं होतं, हुकूम पुरता झाकेल असं. माझं अक्षर मी ओळखलं. मला तिथेच रडू फुटलं.

कारकून म्हणाला, बाई, ह्याच्यावर ना सही ना शिक्का, हे कशाला ठेवलंय, काढून टाका. मी त्याच्या पुढ्यातलं पेन उचललं आणि त्या पानाखाली माझं नाव लिहून सही केली. तुमच्या सहीने काय होणार, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, "खालचा कागद माझ्या सहीनेच झाला होता."