बेंदराला जेवलेली मोटार

मोटारीत पाणी गळते म्हणून मोटार विकून टाकायची, हे मला कधीच पटले नाही. त्या आषाढात तर पटवून घेणे परवडणारेही नव्हते. ती मोटार गेली असती तर आमची सभा गेली असती.

मोटार मामांची. मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ, लढाईवरून सुभेदार होऊन परतलेले, कऱ्हाडच्या खाली कृष्णाकाठी उसाचे रान असलेले. पलटणीतला एक साहेब विलायतेला परत जाताना ती काढून टाकत होता, मामांनी घेतली. काळी, उंच, लांब नाकाची. मामांना ती मिरवायला हवी होती आणि मला गावोगाव न्यायला.

आम्ही काही तरुण पोरेपोरी तेव्हा औंधाच्या बाजूच्या माळावर फिरत होतो. गावची विहीर गावातल्या सगळ्यांची, एवढे साधे म्हणणे. पत्रके मी लिहायची, साताऱ्यात छापून आणायची आणि सभेत मीच वाचायची. एका गावात विहिरीपासून हातभर नव्हे, चांगल्या अंतरावर बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या असत. वरच्या आळीतल्या कुणाला दया आली तर ती उंचावरून पाणी ओतणार, नाही आली तर दुपार होणार. विहीर सगळ्यांच्या पट्टीतून बांधलेली. यात समजावून सांगण्यासारखे काय आहे, हे मला आजही कळत नाही.

त्या गावात बेंदूर या बैलांच्या सणानंतरच्या शुक्रवारी सभा ठरली होती. सभा संपली की त्या बायका स्वतः विहिरीवर चढून पोहरा सोडणार होत्या. त्यांच्यातली एक म्हातारी मला तोंडावर म्हणाली होती, "तुमचा कर्णा आन तुमची मानसं असतील तर आमी चढू. नसतील तर न्हाई. तुमी जाताल निघून, आमाला हितंच ऱ्हायाचं हाय."

कर्णा, त्याची जड बॅटरी, पत्रकांचे गठ्ठे. हे सामान बघितले की सर्व्हिस मोटारवाले हात हलवून पुढे निघून जात. तेव्हा मामांची मोटार हवीच होती.

बेंदूर झाला आणि दुसऱ्याच दिवशी मी साताऱ्याहून गठ्ठे घेऊन आले. कऱ्हाडला मामा मोटार घेऊन आले होते. तिथून त्यांच्या मळ्यापर्यंत पावसात आलो आणि वाटेत मोटार माझ्या पायांवर रडायला लागली. समोरच्या फळीखालून धार. पायाशी ठेवलेला गठ्ठा भिजून त्याची कणीक झाली. इंजिन दोनदा खोकले आणि तिसऱ्यांदा बंद पडले. मामांनी मिशीवरचे पाणी पुसले आणि शांतपणे सांगितले,

"काल पावसात आत पानी शिरलं तवाच सांगलीच्या आण्णांला सांगावा धाडलाय. हळदीचं यापारी हायेत, त्यास्नी मोटार पायजे. गुरवारी येत्यात."

"आणि शुक्रवार?"

"शुक्रवारी बैलगाडी जुंपून देतो की."

"मामा, बैलगाडी शनिवारी पोचेल."

"मग शनवारी सभा घ्या."

या माणसाने तोफांसमोर दिवस काढले होते, पण मोटारीत पाणी आले की हात टेकत होता. मी म्हणाले, "गुरुवारपर्यंत गाडी मला द्या. पाणी आत आलं तर खुशाल विका. नाही आलं तर शुक्रवारी ती माझी."

"तू काय करनार? पत्रक वाचून दावनार व्हय तिला? बरं, घे गुरवारपातूर."

पत्रके छापायचा छापखाना आणि मोटारींचे एक गॅरेज यांचे अंगण साताऱ्यात एकच होते. मी तिथे घड्या घालत बसायची आणि डोळे काही मिटून घेत नव्हते. मोटारीच्या काचेपुढे, बॉनेट संपते तिथे, एक झाकण असते. आतून दांडी ओढली की ते उघडते आणि ताजा वारा पायांवर येतो. त्या वाटेने पाऊसही येणारच. म्हणून झाकणाखाली पत्र्याची एक पन्हळ असते आणि पन्हळीच्या कोपऱ्यातून रबराची नळी खाली जमिनीकडे जाते. पाणी आत आले तर बिघडत नाही. त्याची जायची वाट बुजली की बिघडते. मग पन्हळ भरते, काठावरून सांडते आणि तारांवर, पायांवर, गठ्ठ्यांवर पडते.

लोक मात्र नेमके उलटे करतात. मामांनी चैत्रात ते झाकण डांबर लावून बंद केले होते, धूळ येते म्हणून. आत पेट्रोलच्या वासाने माझे डोके गरगरले होते आणि मामी दोनदा ओकली होती. तेव्हाच मी डांबर खरवडून काढले होते. दारांच्या बुडाला पाणी निथळायला फटी असतात, त्यांत मामांनी चिंध्या कोंबल्या होत्या. का, तर भोक दिसले की उंदीर शिरतो. गुऱ्हाळाच्या छपराखाली मोटार उभी करायची आणि उंदराचे भय बाळगायचे. दार लोटले की आत पाणी डुचमळलेले ऐकू यायचे.

मी पहिल्यांदा चिंध्या ओढल्या. प्रत्येक दारातून गंजाच्या रंगाचे पाणी ओघळले. मग झाकण उघडले. पन्हळीत चिपाडाची कुसे, चिंचेची पाने, ते अपेक्षितच होते. पण त्याखाली पिवळा, चिकट, मुंग्यांनी भरलेला लगदा होता. बोटाला घेऊन वास घेतला. वेलदोडा.

मी मामीला हाक मारली.

"मामी, यात पुरणपोळी कुणी घातली?"

मामी पदराला हात पुसत आली. ही बाई मामांपेक्षा उंच आणि मोठ्या आवाजाची. "मीच. बेंदूर न्हवता का?"

"बेंदूर बैलांचा असतो."

"आन ही काय बशीव हाय? बैलं शेतात राबत्यात, ही रस्त्यावं राबती. बैलास्नी घातली, हिला न्हाई घातली तर काय वाटंल? तोंड कुठलं ते मला गावंना, मग हे उघडं दिसलं. गुळवनी बी घातलं वर थोडं."

गुळवणीसुद्धा. मी पत्रकात ज्या खुळ्या रूढींवर तुटून पडायची, त्यांतलीच एक मोटारीत शिरली होती. मी मागेपुढे न बघता सांगितले, "मामी, तुमच्या या पोळीनं मोटार विकायची वेळ आणली. हे तिचं तोंड नाही. ही तिची मोरी आहे."

"आगं बया. मोरीत निवद?" मामी माझ्यावरच उलटली. "मग तू आधी सांगायचं न्हाई? मोठी शिकल्याली."

लगदा आम्ही दोघींनी चमच्याने काढला. नळीचे तोंड मात्र गच्च बसले होते. इथे लोक तार घेऊन भोसकतात आणि नळी तिच्या जागेवरून निखळवतात, मग पाणी आतच पडते. मी गाडीखाली आडवी झाले, नळीचे खालचे टोक मोकळे केले आणि सायकलचा पंप लावून खालून वर हवा मारली. पुरणाची गोळी उडून वर मामीच्या कपाळाला लागली.

"लागली गं, तोफ लागली," मामी म्हणाली. मामा छपरात बसून बघत होते. ते हसले, पण उठले नाहीत.

झाकणाखालचे रबर चिरलेले होते. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून सोल्युशनने चिकटवली. ओल्या तारा पुसून उन्हात वाळवल्या. इंजिन हँडलच्या पहिल्याच झटक्याला सुरू झाले.

गुरुवारी आण्णा आले. पांढरे धोतर, काळी टोपी, मोजके बोलणे. मामांनी खरे ते सांगून टाकले, की मोटार पाणी पिते. आण्णा गळक्या मोटारीचा कमी भाव बोलले आणि म्हणाले, "बघू या की मग." पाऊस नेमका नव्हता. मामीने घागर आणली आणि काचेवर, झाकणावर सावकाश ओतली. दुसरी ओतली. आण्णा धोतर सावरून आत बसले होते. पायाशी मी कोरे पत्रक अंथरले होते. गाडीखाली नळीतून सरळ, स्वच्छ धार पडली आणि पत्रक कोरेच राहिले.

मी मामांकडे बघितले. आता शुक्रवार माझा.

आण्णा खाली उतरले. "सुभेदार, ही तर कोरडी ठणठणीत. मी गळकी म्हनून बोललो हुतो. आता वाढवून देतो. आजच न्हेतो."

मामांचा हात मिशीवर गेला. माझ्याशी ठरलेले त्यांना आठवत होते, पण वाढवून मिळणारे समोर उभे होते. मी दुरुस्त केली म्हणून ती जास्त विकण्याजोगी झाली होती. मला इतका संताप आला, की कर्णा नसतानाही माझा आवाज नदीपलीकडे गेला असता. मी तोंड उघडले, तेवढ्यात मामीने घागर दाणकन खाली ठेवली.

"न्हाई इकायची."

"तू गप ऱ्हा," मामा म्हणाले.

"बेंदराला जेवल्यालं जनावर दसऱ्यापातूर बाजाराला दावायचं न्हाई. सासऱ्यानं पाळलं, तुमी पाळलं."

"आगं, ती मोटार हाय. बैल न्हाई."

"आसं व्हय? मग तिच्या दिव्यास्नी बाशिंग कुनी बांधलं? नाकावं झूल कुनी टाकली? मिरवनुकीत फेटा बांधून तिच्या म्होरं कोन चालत हुतं?"

आण्णांनी टोपी काढली, डोके पुसले, परत घातली.

"वहिनी म्हनत्यात ते बराबर हाय. आमच्याकडं कर्नाटकी बेंदूर आसतोय, तुमच्या आदी. पर रीत तीच. जेवल्यालं जनावर मी दारात बांधून घेत न्हाई. दसरा झाल्यावं बोलू." आणि ते आले तसे गेले.

ही रीत खुळी आहे असे माझे मत तेव्हाही होते, आजही आहे. ते मी मामीला त्याच संध्याकाळी सांगितले. ती म्हणाली, "आसूं दे. तुजी शबा हुतीया न्हवं?" मी तिच्याकडून एवढे कबूल करून घेतले, की पुढच्या बेंदराला नैवेद्य दिव्यांखालच्या लोखंडी पट्टीवर ठेवायचा, भोकात काही घालायचे नाही.

शुक्रवारी माळावर पाऊस होता. झाकण उघडे ठेवून गेलो, वारा पायांवर घेत. गठ्ठे कोरडे पोचले. मामा स्वतः सुभेदाराचा कोट घालून हाकत होते आणि सभेत मोटारीला टेकून उभे राहिले. वरच्या आळीतले चारदोन जण कुरकुरले, तेव्हा मामांनी नुसते त्यांच्याकडे बघितले. मी पत्रक वाचले, कर्ण्यातून, एकही शब्द न गाळता. मग ती म्हातारी विहिरीवर चढली. पोहरा पाण्याला लागल्याचा आवाज वरपर्यंत आला.

तिने पहिली घागर भरली, डोक्यावर घेतली आणि घराकडे न जाता सरळ मोटारीकडे आली. "लांबनं आलीया. आदी हिला दावते," म्हणाली आणि लांबच्या गावाहून आलेल्या बैलाला दाखवतात तसे पाणी तिने मोटारीच्या नाकावर ओतले, झाकणावरसुद्धा. नळी साफ होती. पाणी खालून निघून मातीत गेले आणि म्हातारी दुसरी घागर भरायला वळली.