गाळलेली हाक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असतात तर आत्ताही मूग गिळून बसलो असतो. माझा स्वभावच तो.

सिंगापुरात पाया लेबार भागात एका मोठ्या संगीत कंपनीच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर सिस्टीम सांभाळतो. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण ऑफिसात मराठी बोलणारी आम्ही दोघंच, मी आणि केतकी. म्हणून कंपनीनं पहिल्यांदाच एक मराठी रॅपर घेतला, तेव्हा त्याच्या गाण्यांतले शब्द तपासायला आम्हाला बसवलं.

संभा त्याचं नाव. दक्षिणेकडचा — म्हणजे आपल्या दक्षिणेकडचा, गडहिंग्लजच्या बाजूचा. आजवर घरीच गाणी रेकॉर्ड करायचा. मोठ्या कंपनीकडून हा त्याचा पहिलाच अल्बम. त्यातलं पहिलं गाणं आईवरचं. सुरुवातीला तिचाच आवाज, कधीतरी फोनवर रेकॉर्ड झालेला. ती आता नाही. दारातून हाक मारते, "आलास व्हय रं, रांडंच्या? हातपाय धू, जेवाय बस." आणि तो एक शब्द मग गाणंभर फिरत राहतो.

दचकलात ना? साहजिक आहे. ही शिवीच, आणि चांगली झणझणीत शिवी. पण आमच्याकडे...

हो, आमच्याकडे. हा एवढा साधा शब्द माझ्या तोंडून कधी निघत नाही. मी कागलजवळच्या एका खेड्यातला. वडील मी पाळण्यात असतानाच गेले. आईनं शाळेत खिचडी शिजवून मला वाढवलं, आणि वाढवलं ते याच हाकेवर. शाळेतून आलो की रांडंच्या. वर्गात नंबर आला की रांडंच्या. तापानं फणफणलो की कपाळावर हात ठेवून, जरा हळू आवाजात — रांडंच्या. रांड म्हणजे मुळात विधवा. विधवेनं आपल्या लेकाला लाडानं दुसरं काय म्हणावं?

पुढे पुण्यात इंजिनीअरिंगला गेलो. होस्टेलवर माझ्या 'हुतं'ला आणि 'व्हय'ला पोरं हसली. मग मी जीभ अशी घासूनपुसून घेतली की ऑफिसात सगळे मला पुण्याचाच समजतात. मीही कधी नाही म्हटलं नाही. आई पहिल्यांदा इथे आली, तेव्हा विमानतळावरून येताना टॅक्सीतच तिला सांगितलं, आई, इथे तो शब्द नको. ती 'बरं' म्हणाली. त्या दिवसापासून मी तिचा 'बाळ' झालो.

तर ती मीटिंग. समोर आमच्या मॅनेजर मिस टॅन, स्क्रीनवर संभा. केतकीनं प्रामाणिकपणे सांगितलं की आपल्याला ही वाईट शिवी वाटते, पण खात्री नाही. मग माझ्याकडे वळून विचारलं, "कोल्हापूरकडे लाडानं म्हणतात का रे असं?"

मला बोट धरून दारापर्यंत आणलं होतं हो तिनं! फक्त 'हो' म्हणायचं होतं. माझी आई म्हणते — एवढंच. पण मग त्या पॉश काचेच्या खोलीत सगळ्यांना कळलं असतं, की मला घरी काय म्हणत. हीच भीती. एवढीशी.

"मला काय माहीत? मी पुण्याचा," मी म्हणालो.

संभा माझ्याकडेच बघत होता. "सर, ती माझ्या आईची हाक हाय," तो म्हणाला. "तुमी मराठी हाय. तुमाला कळंल."

मिस टॅननी त्यांच्या पद्धतीनं थोडक्यात विचारलं, "सो, कॅन ऑर कॅनॉट?"

"कॅनॉट," मी म्हणालो. वर इंग्रजीत अर्थही सांगितला — वेश्येचा मुलगा. त्याच्या मेलेल्या आईच्या तोंडात मी हे घातलं. माझ्याही आईच्या घातलं, नाही का?

संभानं दुसरा शब्द टाकायला नकार दिला. पण करार झालेला होता, माघार घेता येईना. शब्द गाळूनच अल्बम आला. जिथं जिथं ती हाक होती तिथं आवाज बंद.

परवा माझ्या मुलीनं तो घरी लावला. आवडलाय तिला. आई शेजारी भाजी निवडत होती. "आलास व्हय रं," आणि मग रिकामं. आईचे हात थांबले.

"व्हाय दे कट लाइक दॅट, बाबा? सो वीअर्ड, लाह," मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

आईनंही विचारलं, "तितं काय हुतं रं?"

तिला माहीत होतं. त्या रिकाम्या जागेत कुठला शब्द बसतो, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? ती मला विचारत होती. आणि मी पुन्हा तेच केलं.

"शिवी होती, आई."

"आसंल," ती म्हणाली. भाजीचं ताट उचलून आत गेली. थोड्या वेळानं आतून हाक आली.

"जेवून घे, बाळ."

मी हातपाय धुतले आणि जेवायला बसलो.